असं का होतं? : गाडी गेली, पण ऐकू कशी आली नाही?

वरठीत भंडारा रोड स्टेशन आहे. हावडा-मुंबई मार्गावरच्या मालगाड्या रात्रभर धडधडत जातात. मुक्कामाला आलेला पाहुणा दचकून उठतो. घरची मंडळी ढाराढूर. कान तर सगळ्यांचे सारखेच!

आवाज सगळ्यांच्याच मेंदूपर्यंत पोहोचतो. पण तोच आवाज रोज येऊन काही बरंवाईट घडत नसेल, तर मेंदूचा प्रतिसाद ओसरत जातो. मात्र बाळ जरा कुरकुरलं, की आई जागी! आवाज किती मोठा, यापेक्षा तो आपल्या कामाचा आहे का, हे महत्त्वाचं.

जागेपणीही लक्ष फाटकावरच्या गेटमनसारखं काम करतं : एकाला वाट, बाकीच्यांना थांबा. 1953 मध्ये संशोधक कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत वेगवेगळं बोलणं ऐकवलं आणि एकाच कानातलं पाठोपाठ म्हणायला सांगितलं. दुसऱ्या कानातली भाषा बदलली, तरी अनेकांना पत्ता नव्हता!

आता पंख्याची घरघर ऐका. ती मघापासून होतीच. तुम्ही लक्ष दिलंत, म्हणून ती अनुभवात आली. लक्ष असं हवं तिकडे वळवता येतं आणि सरावाने ही सवय पक्की होते.