इंचभर उतार

जमीन डोळ्यांना सपाट दिसते, म्हणून ती सपाट असतेच असे नाही. त्याचा निवाडा पाणी करते. हौद तिरका असला तरी त्यातले पाणी आडवेच राहते. एका काठाशी ते चढलेले दिसते, समोरच्या काठाशी उतरलेले.

फार्महाऊसच्या अंगणात जमिनीवर उभा करायचा तयार तरणतलाव घ्या. व्यास पंधरा फूट, पाणी चार फूट. म्हणजे सुमारे २० हजार लिटर. वजन २० टन! त्याच्या तळाची जागा या काठापासून त्या काठापर्यंत एक इंचाहून अधिक उतरती नसावी, असा सर्वसाधारण दंडक आहे.

इंचाचा एवढा बाऊ कशाला? चार फूट पाणी भिंतीच्या प्रत्येक फूट लांबीवर सुमारे २२५ किलोंचा रेटा देते. एका बाजूला पाणी दोन इंच जास्त झाले, की तिथला रेटा २४५ किलोंवर जातो. खोली वाढते चार टक्के, रेटा आठ टक्क्यांहून अधिक. शिवाय जड बाजूची माती आणखी दबते आणि उतार वाढतच जातो. शेवटी भिंत फुगते, सांधा सुटतो. आत मुले खेळत असतात, हे विसरू नये.

म्हणून उंच बाजू खोदून खाली आणावी. सखल बाजूला भुसभुशीत भर घालू नये, ती पाण्याच्या भाराने खचते. काळी माती तर ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. ती काढून मुरूम टाकावा, पाणी मारून चांगला धुम्मस करावा.

मोजायचे कसे? गवंड्याची पारदर्शक नळी पुरे. तीत पाणी भरावे, हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत थांबते. तिथे खुणा कराव्यात.

काँक्रीटच्या तलावाचे गणित वेगळे. त्याचा तळ मुद्दाम उतरता ठेवतात. समपातळी हवी ती काठाला. काठावरून पाणी ओसंडणारा तलाव असेल, तर दोन-तीन मिलिमीटरांचा फरकही खपत नाही. सारे पाणी सखल कोपऱ्यातूनच वाहते, बाकीचा काठ कोरडा राहतो.

तयार तलावात आधी दोन इंचच पाणी सोडा आणि चहूबाजूंनी पट्टीने मोजा. चूक दिसली तर पाणी काढून जागा दुरुस्त करता येते. वीस टन भरल्यावर मात्र हात टेकावे लागतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)