४.६ स्टार, तरीही जेवण फसलं? फ्रान्सच्या किनाऱ्यावर जेवायची जागा फोनवरून अशी निवडा

समजा, तुम्ही फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात आहात. दिवसभर समुद्रावर फिरून झालंय, संध्याकाळचे सहा वाजलेत आणि पोटात कावळे ओरडतायत. तुम्ही मॅप्स उघडता, 'रेस्टॉरंट' टाइप करता आणि सगळ्यात वर दिसलेल्या ४.६ स्टारच्या ठिकाणी जाऊन बसता. मेन्यूवर भाजलेला मासा ९ युरोला दिसतो. स्वस्त आहे म्हणून तोच मागवता. बिल येतं तेव्हा त्या एका माशाचे ५४ युरो लावलेले असतात!

यात कुणी खोटं बोललं का? नाही. मेन्यूवर ९ च्या पुढे बारीक अक्षरात '१०० ग्रॅमचा दर' असं लिहिलेलं होतं आणि मासा होता ६०० ग्रॅमचा. अख्खा मासा असा वजनावर विकायची पद्धत या किनाऱ्यावर नेहमीची आहे. फोनने तुम्हाला स्टार दाखवले, पण ही गोष्ट स्टारमध्ये कुठेच दिसत नाही.

म्हणूनच आज बघूया, फोनवरची माहिती नक्की कशी तयार होते, तिच्यावर किती विश्वास ठेवायचा आणि बाकीचं कुठे बघायचं.

यादीत 'सगळ्यात वर' कोण येतं?

गूगल मॅप्सची यादी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते असं गूगल स्वतःच सांगतं: तुम्ही जे शोधताय त्याच्याशी ती जागा किती जुळते, ती तुमच्यापासून किती लांब आहे आणि ती किती प्रसिद्ध आहे. रिव्ह्यूंची संख्या आणि स्टार या तिसऱ्या गोष्टीत धरले जातात. शिवाय काही नावांवर जाहिरातीचं लेबल असतं, ते वेगळंच.

आता विचार करा. नीसमध्ये समुद्राला लागून जाणारा प्रोमनाद दे-झांग्ले हा लांबलचक रस्ता आहे. तिथून रोज हजारो पर्यटक जातात. अशा रस्त्याजवळच्या हॉटेलला रिव्ह्यू भरपूर मिळणार, म्हणजे ते प्रसिद्ध ठरणार. तुम्हीही तिथेच उभे आहात, म्हणजे ते जवळही आहे. मग ते यादीत वर येणारच. यात चवीचा वाटा किती, ते काही कळत नाही.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. आपल्या गल्लीतल्या खानावळीत आमटी बिघडली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवसापासून येत नाही. पण पर्यटक तसाही परत येणार नसतो. त्यामुळे ऐन समुद्रासमोरच्या हॉटेलला जेवण चांगलं ठेवायची तेवढी सक्ती नसते, जागाच धंदा आणते. आणि रिव्ह्यू लिहिणाराही तिथे एकदाच जेवलेला असतो. समोर सूर्यास्त होता म्हणून तो पाच स्टार देऊन टाकतो.

सरासरीच्या आत डोकावून बघा

दहा जणांपैकी नऊ जणांनी ५ स्टार दिले आणि एकाने १ दिला, तर सरासरी येते ४.६. म्हणजे दहा रिव्ह्यूंचे ४.६ आणि दोन हजार रिव्ह्यूंचे ४.४ यात दुसरा आकडा जास्त भरवशाचा. आधी संख्या बघा, मग स्टार.

आणि रिव्ह्यू खोटेही असतात. २०१७ मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या अंगणातल्या शेडला 'रेस्टॉरंट' म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवलं. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि ती शेड लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट झाली. तोपर्यंत तिथे एकही ताट वाढलेलं नव्हतं! युरोपियन युनियनमध्ये २८ मे २०२२ पासून खोट्या रिव्ह्यूंवर कायद्याने बंदी लागू झाली आहे. पण कायदा आला म्हणून खोटे रिव्ह्यू संपत नाहीत, त्यामुळे आपणच चाळून घ्यायचं.

मॅप्समध्ये या ५ गोष्टी तपासा

१. रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावा. मालक किंवा आचारी बदलला तरी जुने स्टार तसेच राहतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत लोक काय म्हणतायत ते महत्त्वाचं.

२. ३ स्टारवाले रिव्ह्यू वाचा. ५ वाला खूश असतो, १ वाला चिडलेला असतो. ३ वाला शांतपणे सांगतो, 'मासा छान होता, पण वाट फार बघावी लागली.'

३. फ्रेंच रिव्ह्यू शोधा. मॅप्स परभाषेतले रिव्ह्यू आपोआप भाषांतर करून दाखवतं, त्यामुळे कोण फ्रेंचमध्ये लिहितंय हे पटकन कळत नाही. 'मूळ मजकूर दाखवा' वर टॅप केलं की कळतं. पुढची ट्रिक अशी: गूगल ट्रान्सलेटमध्ये 'फ्रोझन' किंवा 'शाकाहारी' असं लिहून त्याचा फ्रेंच शब्द कॉपी करा आणि रिव्ह्यूंच्या सर्चमध्ये पेस्ट करा. कामाचे रिव्ह्यू लगेच समोर येतात.

४. गर्दीचा आलेख बघा. फ्रान्समध्ये रात्रीचं जेवण साधारण साडेसात-आठनंतर सुरू होतं. ज्या जागेचा आलेख साडेआठच्या आसपास सगळ्यात उंच आहे, तिथे स्थानिक लोक जात असण्याची शक्यता जास्त. सहा वाजताच भरणारी जागा बहुतेक पर्यटकांची. अर्थात हा अंदाज आहे, नियम नव्हे.

५. गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघा, मालकाने टाकलेले नाही. त्यातही मेन्यूच्या फळ्याचा फोटो मिळाला तर सोनंच. भाव जागेवरच कळतात.

स्वच्छतेची शंका असेल तर त्यासाठी सरकारी सोय आहे. फ्रान्सच्या कृषी मंत्रालयाची 'आलिम-कॉन्फियान्स' नावाची वेबसाइट २०१७ पासून चालू आहे. सरकारी तपासणीत हॉटेल कसं निघालं, हे तिथे 'अतिशय समाधानकारक' पासून 'तातडीने सुधारणा हवी' पर्यंतच्या चार पायऱ्यांमध्ये दिसतं. प्रत्येक हॉटेल तिथे सापडेलच असं नाही, कारण तपासणीचा निकाल एक वर्षच ठेवतात. पण लक्षात ठेवा, हा निकाल फक्त स्वच्छतेचा आहे, चवीचा नाही.

आता फोन खिशात ठेवा, दारावरची पाटी वाचा

फ्रान्समध्ये हॉटेलला आपले भाव दाराबाहेर लावावेच लागतात. त्यामुळे आत बसायच्या आधी दोन मिनिटं बाहेर थांबून वाचायला लाजू नका, तिथले लोकही तेच करतात.

छोटा मेन्यू ही चांगली खूण. पाच-सहाच पदार्थ आणि तेही खडूने फळ्यावर लिहिलेले, म्हणजे बाजारात जे मिळालं ते आज शिजतंय. उलट पिझ्झा, पाएया, बर्गर, मासे असे साठ पदार्थ, सहा भाषा आणि प्रत्येकाचा चकचकीत फोटो दिसला, की समजा फ्रीझर मोठा आहे.

घराच्या छपराचं झाकण असलेल्या भांड्याचं चित्र दिसलं तर ते 'फे मेझों', म्हणजे 'इथेच बनवलेलं', याचं अधिकृत चिन्ह. २०१४ मध्ये हा नियम आला. पण यातही एक मेख आहे: फ्रोझन कच्चा मासा आणून तो तिथेच शिजवला तरी हे चिन्ह लावता येतं. म्हणजे 'इथे बनवलेलं' म्हणजे 'ताजं' असं धरून चालू नका.

नीसपुरतं अजून एक लेबल आहे, 'क्युझीन निसार्द'. नीसचे पारंपरिक पदार्थ पारंपरिक पद्धतीने करणाऱ्या हॉटेलांना ते मिळतं.

भाषांतर अ‍ॅप कुठे फसवतं?

कॅमेरा मेन्यूवर धरला की मराठी किंवा इंग्रजी दिसतं, ही सोय भारीच. पण काही शब्द हमखास घोळ घालतात. फ्रान्समध्ये 'मेन्यू' म्हणजे ठरलेल्या भावाचं पूर्ण जेवण, पदार्थांच्या यादीला ते 'कार्त' म्हणतात. 'आंत्रे' म्हणजे मुख्य पदार्थ नव्हे, तर आधीचा छोटा पदार्थ. आणि या किनाऱ्यावर 'लू' असं लिहिलेलं असेल तर त्याचा शब्दशः अर्थ लांडगा! घाबरू नका, तो सी बास नावाचा मासा आहे. फळ्यावरचं वळणदार हस्ताक्षर तर अ‍ॅपला बऱ्याचदा वाचताच येत नाही, तेव्हा सरळ विचारा.

शाकाहारी असाल तर जास्त सांभाळून. 'नीस सॅलड'मध्ये नाव सॅलड असलं तरी अँचोव्ही किंवा ट्यूना मासा असतो. कांद्याच्या पिसालादियेरवरही अँचोव्ही असतात. बिनधास्त खाण्यासारखा पदार्थ म्हणजे सोक्का: चण्याचं पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल, मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा फ्रेंच भाऊच म्हणा ना! जुन्या नीसच्या गल्ल्यांमध्ये तो कागदावर हातात मिळतो, आणि एका माशाच्या पैशात सगळ्या ग्रुपची संध्याकाळ निघते.

बिल देताना

सर्व्हिसचे पैसे भावातच धरलेले असतात. टिप दिलीत तर खुशीने, पण ती सक्तीची नाही. नळाच्या पाण्याची सुरई, म्हणजे 'काराफ दो', जेवणासोबत फुकट मिळते. नुसतं 'पाणी' म्हटलंत तर बाटली येऊ शकते आणि तिचे पैसे लागतात.

फ्रान्समध्ये यूपीआय २०२४ मध्ये आयफेल टॉवरपासून सुरू झालं, पण त्याच्या भरवशावर जेवायला बसू नका. कार्ड आणि थोडी रोकड हवीच. कार्ड मशीनने 'रुपये की युरो?' असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले तर विनिमयाचा दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो सहसा महाग पडतो.

तर करायचं काय?

सकाळी हॉटेलच्या वायफायवर असतानाच दहा मिनिटं काढा. समुद्रापासून दोन-तीन गल्ल्या आत असलेल्या तीन-चार जागा तपासून सेव्ह करा, त्या भागाचा ऑफलाइन मॅप आणि फ्रेंच भाषा डाउनलोड करा. आठवड्याचा बंद दिवसही बघून ठेवा, कारण रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात. जमलं तर मोठं जेवण दुपारी घ्या. कामाच्या दिवशी दुपारी ठरलेल्या भावाचं जेवण बऱ्याच ठिकाणी रात्रीपेक्षा स्वस्त असतं.

संध्याकाळी भूक लागेल तेव्हा यादी तयार असेल. भुकेल्या पोटी माणूस जे पहिलं दिसेल ते निवडतो, आणि पहिलं कोण दिसतं ते आता तुम्हाला माहीत आहे. तीन-चार जागा फोनने सुचवू देत, पण त्यातल्या कुठल्या दारातून आत जायचं ते पाटी वाचून तुम्हीच ठरवा. आणि मासा मागवायच्या आधी एकच प्रश्न विचारा: 'याचं वजन किती?'