अभ्यासाचा जमाखर्च : लेखांक सहावा — कच्चा विषय

गेल्या लेखांकात दिवसाच्या तासांची वाटणी कशी करावी याचा विचार आपण केला. परंतु तो लेख छापून आल्यावर वरोऱ्याच्या भाजीबाजारात एका माउलीने मला थांबवून जो प्रश्न केला, त्याने माझी ती सारी वाटणी अपुरी ठरवली. “गुरुजी, पोट्टं बाकी साऱ्यात बरं हाय, गणितातच मार खाते. त्याच्या मांगं लागू, का देऊ सोडून?” मुलगा यंदा दहावीत; घरी चार एकरांत कपाशी आणि सोयाबीन; शिकवणीला दरमहा द्यावयास हाती फारसे काही नाही, आणि शेतातली कामे आटोपल्यावर संध्याकाळचे जे दोन-अडीच तास उरतात तेवढीच त्या मुलाची खरी मिळकत. थोडा वेळ आणि थोडा पैसा कोठे लावावा, असा तो अस्सल जमाखर्चाचा प्रश्न होता. आणि प्रयत्नाने सर्व काही साध्य होते असे ठरावीक उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो, तर तो त्या माउलीच्या विवंचनेचा अपमान ठरला असता. मी एवढेच म्हणालो, “ताई, त्याला संध्याकाळी दप्तर घेऊन माझ्याकडे पाठवा.”

मुलगा आला, ओसरीवर बसला, आणि दोन चलांतील समीकरणांचे एक उदाहरण त्याने माझ्यासमोर सोडवावयास घेतले. मांडणी बिनचूक केली. कोणत्या चलाचा लोप करावयाचा हे ओळखले. पदे बाजू बदलताना चिन्हांतही चुकला नाही. आणि मग अखेरच्या ओळीत, जेथे तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश यांची केवळ बेरीज उरली होती, तेथे वरचे आकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवून त्याने शांतपणे पाच सप्तमांश असे उत्तर लिहिले. मी विचारले, “पाऊण भाकरी अर्ध्या भाकरीहून मोठी की लहान?” “मोठी.” “आणि भाकरीचे तीन सारखे वाटे करून त्यांतले दोन घेतले तर?” “ते बी अर्ध्याहून जास्तच.” “मग अर्ध्याहून जास्त आणि अर्ध्याहून जास्त मिळून एका भाकरीहून कमी कसे भरले?” तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. पाच सप्तमांश हे एकाहून कमी असतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण वहीतला अपूर्णांक आणि ताटातली भाकरी यांचा काही संबंध आहे, हे मात्र पाचवीपासून आजपर्यंत त्याला कोणी दाखवलेच नव्हते. (जुन्या शाळांतून निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी घोकून घेत. त्या पाठांतराची आज पुष्कळ निंदा होते आणि तीत तथ्यही आहे; परंतु पाऊण म्हणजे केवढे, ही जाण त्यामुळे मुलांच्या अंगी मुरत असे, एवढे त्या पद्धतीच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे.)

त्या मुलाच्या गुणपत्रकावर ‘गणित’ या शब्दापुढे जो दुबळा आकडा येई, त्याचे मूळ दहावीच्या बीजगणितात शोधून सापडले नसते. ते पाच इयत्ता खाली, अपूर्णांकांच्या पहिल्या धड्यात होते. आणि येथेच आईबापांचा हिशेब चुकतो. कच्चा विषय पक्का करण्यास किती कष्ट लागतील याचा अंदाज ते विषयाच्या आजच्या जाडजूड पुस्तकाकडे पाहून बांधतात, आणि तो डोंगर आपल्याच्याने चढवणार नाही असे म्हणून एकतर हात टेकतात किंवा मुलाला त्याच पुस्तकाची तीच उदाहरणे रात्र रात्र गिरवावयास लावतात. खाली जाऊन पाहिले तर खर्चाचा आकडा पुष्कळदा पंधरवड्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासांवर येऊन ठेपतो. म्हणून कच्च्या विषयावर श्रम करावे की न करावे, हा प्रश्नच मुळी दुसरा आहे. कच्चेपणाची सुरुवात नेमकी कोठे झाली, हा पहिला.

महात्मा गांधींनी आत्मकथेत आपल्या राजकोटच्या शाळेची जी हकिकत दिली आहे, ती या दृष्टीने पालकांनी अवश्य वाचावी. एक इयत्ता गाळून वरच्या वर्गात चढवलेला तो विद्यार्थी चौथ्या इयत्तेत आला, तेथे बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जात. भूमिती हा विषय नवा, आणि त्यात भाषा परकी. खालच्या वर्गात परत जावे असे त्यांच्या मनात अनेकदा आले. पण त्यामुळे बढतीची शिफारस करणाऱ्या शिक्षकाचाही उपमर्द होईल या संकोचाने ते तेथेच टिकून राहिले, आणि युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्तापाशी पोहोचल्यावर, या विषयात केवळ सरळ विचार करावयाचा असतो हे उमगून तो त्यांना एकाएकी सोपा झाला. भूमितीत कच्चा म्हणून ज्याची गणना झाली असती, त्याचे निम्मे ओझे भाषेचे होते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात तर हा भाषेचा भाग डोळ्यांआड करून चालणारच नाही. भामरागडच्या अरण्यात, हेमलकशास १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली आश्रमशाळा काढली, तेव्हा तेथे येणारी मुले घरी माडिया बोलत. आणि माडिया ही गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्राविडी भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. अशा मुलासमोर मराठीतले शाब्दिक उदाहरण ठेवून ते सुटले नाही म्हणजे गणितात कच्चा असा शेरा मारणे, हा शिक्षकाच्या लेखणीचा दोष होय. मोहाची फुले वेचून, मोजून, मापून विकणाऱ्या घरातले मूल हिशेबाला जात्या मंद असेल यावर माझा विश्वास नाही. अलीकडे गडचिरोलीच्या पोलीस भरतीत गोंडी व माडिया भाषांचाही स्वतंत्र पेपर असतो. शाळेत जी भाषा अडसर मानली गेली, तिचेच तेथे गुण मिळतात, ही मला मोठी न्यायाची गोष्ट वाटते.

आता, मूळ शोधूनही विषय खरोखरच जड राहिला, तर मग जमाखर्च मांडावाच लागेल, आणि तो स्वच्छ मांडला पाहिजे. २०१० साली राज्य शासनाने सहांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून दहावीची टक्केवारी काढण्याची तजवीज केली. उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. या नियमाचा अर्थ पुष्कळांना उमगलेला नाही. सर्वांत कच्च्या विषयात चाळिसांचे पंचावन्न केले, आणि तरीही तो सहांत तळाशीच राहिला, तर टक्केवारीत एका दशांशाचीही भर पडत नाही. उलट तेच श्रम साठ गुणांच्या विषयावर वेचून त्याचे सत्तर केले, तर टक्केवारी दोनाने वाढते. केवळ अकरावीच्या प्रवेशापुरते पाहावयाचे, तर उत्तीर्ण होण्यास लागणाऱ्या पस्तिसांची बेगमी, आणि वर दहा-एक गुणांची शिलकी करून बाकीचा वेळ अन्यत्र वळवणे हे शहाणपणाचेच ठरते. आणि ज्या मुलाची तिसरी भाषा कच्ची आहे व ज्याला पुढे तिच्याशी कर्तव्य नाही, त्याला मी तसा सल्ला निःसंकोच देतो.

परंतु सगळे विषय सारखे नसतात. काही विषय घरातल्या बाजूच्या खोलीसारखे असतात, दार लावून घेतले तरी संसार चालतो. काही मात्र उंबरठ्यासारखे, त्यांवरूनच पुढे जावे लागते. गुणपत्रकाच्या टक्केवारीतून वगळलेले गणित पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित म्हणून पुन्हा पुढे उभे राहते, आय.टी.आय.त वीजतंत्री व्हावयास गेलेल्या मुलाला कार्यशाळेचे हिशेब चुकवता येत नाहीत. आणि भाषा समजून वाचता येणे हा तर प्रत्येक विषयाचाच उंबरठा आहे. या मुलखातली कितीतरी मुले पहाटे रस्त्यावर धावून, घाम गाळून भरतीच्या मैदानाची तयारी करतात, आणि मैदानी चाचणीत पन्नासांपैकी उत्तम गुण मिळवून शंभर गुणांच्या लेखी परीक्षेत शेकडेवारीच्या चार गणितांपायी मागे राहतात, हे पाहून माझा जीव तुटतो.

येथे कोणी गणितज्ञ रामानुजनांचे नाव घेतो, आणि गणित वगळता बाकीचे विषय सोडले तरी ते जगप्रसिद्ध झाले असे सांगतो. ते अर्धसत्य आहे. कुंभकोणमच्या कॉलेजात इतर विषयांकडे दुर्लक्ष केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासेस एफ.ए.च्या परीक्षेत ते पुनःपुन्हा अनुत्तीर्ण झाले. आणि १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांवर कारकुनी पत्करीपर्यंतची वर्षे त्यांनी ओढगस्तीत काढली. दोष त्या परीक्षापद्धतीचा होता असे मीही म्हणेन. पण किंमत त्या तरुणाने मोजली, आणि ज्याच्यापाशी ती अलौकिक प्रतिभा नाही अशा मुलाला हा दाखला दिलासा म्हणून देणे हे निर्दयपणाचे आहे.

मला या विषयाचा विचार करताना आमच्या गावालगतचे आनंदवन आठवते. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि पुढे सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशातले चौदा रुपये एवढ्या भांडवलावर खडकाळ, विंचवा-सापांच्या जमिनीवर वस्ती केली. त्या माणसांच्या मार्गात दोन प्रकारच्या उणिवा होत्या. एक जमिनीची: पाणी नव्हते, आणि पाण्यावाचून काहीच उगवणार नव्हते, म्हणून त्या अधू हातांनी आधी विहीर खणली, खडक कितीही कठीण असला तरी. दुसरी शरीराची: कोणाची बोटे झडलेली, कोणाच्या हाताला संवेदना नाही, तेथे मात्र झडलेले बोट परत यावे म्हणून कोणी दिवस घालवले नाहीत, तर शेती, हातमाग, सुतारकाम यांतले जे काम ज्या हाताला पेलेल ते त्याला नेमून दिले. विहीर कोणती आणि बोट कोणते, हे ज्याला ओळखता येईल त्याने आपल्या मुलाचे वेळापत्रक खुशाल आखावे.

तरी एक बाब जमाखर्चात कधीच नीट मांडता येत नाही. गांधींनीच लिहिले आहे की, सहाव्या इयत्तेत संस्कृत जड जाऊ लागल्याने, फारसी सोपी आहे असे ऐकून ते फारसीच्या वर्गात जाऊन बसले. कृष्णशंकर पंड्या या संस्कृतच्या शिक्षकांनी त्यांना जवळ बोलावून, अडचण असेल तर माझ्याकडे ये, असे ममतेने सांगितले आणि तो मुलगा परतला. पुढील आयुष्यात धर्मग्रंथांची गोडी लागली ती त्या तुटपुंज्या संस्कृतामुळे, आणि अधिक शिकलो नाही याची हळहळ राहिली, असे ते नमूद करतात. त्या शाळकरी मुलाला, किंवा त्याच्या घरच्यांना, ही पुढची निकड कोणत्या वहीत दिसणार होती?

त्या माउलीला मी काय सांगितले ते लिहावयाचे राहिले. पाचवी ते नववी या इयत्तांची गणिताची जुनी पुस्तके शेजारपाजारून मागून आणावयास सांगितली, आणि मुलाला नववीकडून खाली, प्रत्येक पुस्तकातली दहा दहा उदाहरणे सोडवीत, जेथे एकही चूक होत नाही अशा पानापर्यंत उतरावयास लावले. तो पाचवीच्या पुस्तकात, समच्छेद अपूर्णांकांच्या धड्याशी थांबला. समच्छेद त्याला येत होते, भिन्नच्छेद येत नव्हते. त्या पानावर त्याने पेन्सिलीने तारीख टाकली. इतिहास आणि मराठीचे तास मी त्याला तसेच ठेवावयास सांगितले आहेत. फक्त रात्रीच्या जेवणाआधीचा अर्धा तास त्या पानापासून पुढे, आणि पहिले आठ दिवस वहीऐवजी आईच्या परातीतल्या भाकरीवर. परवा ती बाजारात पुन्हा भेटली. म्हणाली, “गुरुजी, आता भाकर मोडायच्या आधी मले इचारते, तीन वाटे करू का चार?”

(पुढील लेखांक : पाठांतर आणि समज)