रासायनिक बाधा आणि निर्दूषण : रुग्णालयाच्या दाराशी होणारा पहिला उपचार

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्राम, पवनार, कापसाची शेती आणि गेली अनेक दशके लागू असलेली दारूबंदी आठवते. याच जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) परिसरात डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रोन या अमली पदार्थाचा बेकायदा कारखाना उघडकीस आणला. आडवाटेला, झुडपांच्या आडोशाने हा उद्योग चालला होता. तेथे १२८ किलो मेफेड्रोन व २४५ किलो कच्ची रसायने सापडली आणि तिघांना अटक झाली. जप्त केलेल्या अमली पदार्थाची किंमत सुमारे १९२ कोटी रुपये सांगण्यात आली.

वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती या किमतीची व अटकेची. रुग्णालयाच्या दृष्टीने मात्र प्रश्न निराळा आहे. अशा ठिकाणी एखादे भांडे फुटले, वायू पसरला किंवा आग लागली, तर अंगावर रसायन उडालेला माणूस कोठे जाणार? तो मजूर असेल, शेजारच्या शेतातील शेतकरी असेल, छाप्यासाठी गेलेला पोलीस कर्मचारी असेल किंवा त्या आवारात राहणारे एखादे मूल असेल. तो जवळच्या रुग्णालयातच येणार. त्याला आत घेण्यापूर्वी काय करावयाचे, याचे उत्तर रुग्णालयापाशी आधीपासून तयार असावे लागते. प्रस्तुत लेखात त्याचीच माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी दिली आहे.

धोका कशाचा असतो?

मेफेड्रोनचा समावेश २०१५ साली अमली पदार्थविषयक कायद्याखाली करण्यात आला. त्यानंतरही महाराष्ट्रात त्याचे बेकायदा कारखाने सापडत राहिले. २०२३ मध्ये नाशिकजवळील शिंदे गावात, तर २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी अशी कारवाई केली. कधी औद्योगिक वसाहतीतील गाळा, कधी शेतातील पत्र्याचे शेड, अशी ही ठिकाणे असतात.

परवानाधारक औषध कारखान्यात वायू बाहेर काढणारी यंत्रणा, रसायनांच्या पिंपांवरील नावांच्या चिठ्ठ्या, डोळे धुण्याचे नळ आणि प्रशिक्षित कामगार असतात. चोरट्या कारखान्यात यांपैकी कशाचीच खात्री नसते. तीव्र आम्ले, झोंबणारे वायू व चटकन पेट घेणारी द्रावके एकाच खोलीत, बहुधा दारे-खिडक्या बंद करून हाताळली जातात. त्यामुळे बाधित व्यक्तीच्या अंगावर नेमके कोणते रसायन आहे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नसण्याचा संभव असतो. डोळ्यांची आग, कातडी भाजणे, सतत खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे, चक्कर व मळमळ ही अशा बाधेची नेहमीची लक्षणे होत.

निर्दूषण म्हणजे काय?

अंगावरचे, केसांतले व कपड्यांवरचे घातक रसायन शक्य तितक्या लवकर दूर करणे म्हणजे निर्दूषण. हा उपचार ऐकावयास अगदी साधा वाटतो. परंतु दाहक रसायन कातडीवर जितका वेळ राहील तितकी जखम खोल जाते. येथे मिनिटांचा हिशेब असतो. कोणते रसायन आहे याचा शोध लागेपर्यंत थांबणे परवडत नाही.

पहिली पायरी म्हणजे रुग्णाला मोकळ्या हवेत आणणे. मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे घातल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. वायूने भरलेल्या खोलीत योग्य साधनांशिवाय शिरणे म्हणजे एका रुग्णाचे दोन रुग्ण करणे होय.

दुसरी पायरी कपडे उतरविण्याची. अंगावरील दूषित द्रव्याचा फार मोठा भाग केवळ कपडे काढल्याने निघून जातो; तो ८० ते ९० टक्के असल्याचे सामान्यतः मानले जाते. सदरा, बनियन डोक्यावरून ओढून काढू नये, कारण त्यावरील रसायन तोंडाला व डोळ्यांना लागते. ते कात्रीने कापून काढावेत. चपला-बूट, पट्टा, घड्याळ, अंगठी, बांगड्या, करदोडा, गंडेदोरे हेही उतरवावे. त्यांच्याखाली रसायन साचून राहते. सर्व वस्तू जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करून त्यावर रुग्णाचे नाव लिहावे.

तिसरी पायरी धुण्याची. अंगावर भुकटी असेल तर ती प्रथम कोरड्या फडक्याने हलकेच झटकावी. द्रव असेल तर टिपून घ्यावा. चुन्याची कळी पाण्याच्या थेंबाने तापते हे ग्रामीण वाचकांना ठाऊक आहे. काही रासायनिक भुकट्यांचेही तसेच असते. त्यानंतर भरपूर कोमट पाण्याने व साध्या साबणाने डोक्यापासून पायांपर्यंत धुवावे. डोके धुताना मान मागे झुकवावी, म्हणजे पाणी चेहऱ्यावर ओघळत नाही. काखा, जांघा, कानांमागची जागा, नखे व बोटांच्या बेचक्या विसरू नयेत. कातडी खसखसून घासू नये. ओरखड्यांतून रसायन अधिक सहजपणे आत शिरते.

डोळ्यांत रसायन गेले असेल तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने किमान १५ ते २० मिनिटे सतत धुवावे. डोळा वाचणे न वाचणे पुष्कळदा या पहिल्या धुण्यावर अवलंबून असते.

ज्याला केवळ वायूची बाधा झाली आहे, अंगावर काही सांडलेले नाही व कातडीची आगही होत नाही, त्याला मोकळी हवा व कपडे बदलणे बहुधा पुरेसे होते. मात्र काही झोंबणाऱ्या वायूंचा फुप्फुसांवरील परिणाम तासांनंतर दिसतो. आरंभी बरा वाटणारा रुग्ण रात्री धापा टाकू लागतो. म्हणून डॉक्टरांनी चोवीस तास देखरेखीखाली राहण्यास सांगितले, तर नातेवाइकांनी घरी नेण्याची घाई करू नये.

काय करू नये?

आम्ल पडले म्हणून त्यावर सोडा किंवा चुना लावू नये. दोन रसायनांच्या संयोगातून उष्णता निर्माण होऊन भाजणे वाढते. तूप, तेल, हळद, टूथपेस्ट यांचा लेप देऊ नये. रसायन त्याखाली अडकून राहते व डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. पोटात काही गेल्याचा संशय असल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दाहक पदार्थ वर येताना अन्ननलिकेला पुन्हा भाजतो, आणि तो श्वासनलिकेत उतरला तर जिवावर बेतते.

त्याचबरोबर अकारण भीतीही नको. अमली पदार्थाच्या भुकटीला ओझरता हात लागल्याने सहसा विषबाधा होत नाही. भुकटी हुंगली जाणे, किंवा माखलेला हात तोंडाला व डोळ्यांना लागणे, यांत खरा धोका असतो. हात साबणाने धुणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. भीतीपोटी रुग्णाला दूर ठेवणे मात्र कधीही समर्थनीय नाही.

आधी दाराबाहेर, मग आत

२० मार्च १९९५ रोजी जपानमधील टोकियो शहराच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडण्यात आला. सेंट ल्यूक्स या रुग्णालयात शेकडो बाधित आले. त्यांचे कपडे न काढताच त्यांना आत घेतले गेले. पुढे केलेल्या पाहणीत रुग्णालयाच्या ४७२ कर्मचाऱ्यांपैकी ११० जणांनी आपल्यालाही त्रास झाल्याचे सांगितले. रुग्णांच्या कपड्यांतून निघणारा वायू बंद सभागृहात साठला होता. त्या घटनेनंतर जगभरातील रुग्णालयांनी घेतलेला धडा असा, की निर्दूषणाची जागा आकस्मिक विभागाच्या आत नव्हे, तर त्याच्या दाराबाहेर असावी. रुग्णाचा श्वास थांबत असेल तर अर्थातच श्वास सांभाळण्यास अग्रक्रम असतो. तो सांभाळताना कपडे काढणे व धुणे सुरू ठेवता येते.

अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात घरगुती अमली पदार्थ कारखान्यांचा मोठा उपद्रव झाला आणि अनेक ठिकाणी लहान मुले त्याच घरांत राहताना आढळली. तेथील अनुभव असा, की घाबरलेल्या मुलाला सर्वांसमक्ष उघडे करून धुणे हा त्याच्यावर दुसरा आघात ठरतो. पडदा, ऊबदार पाणी, ओळखीचा माणूस जवळ आणि लगेच अंगावर घालावयास स्वच्छ कपडे एवढे असले की तेच काम मायेने होते. आपल्याकडे स्त्री रुग्णांसाठी आडोसा व महिला कर्मचारी असणे हेही तितकेच आवश्यक आहे. लाजेपोटी ओले, माखलेले लुगडे अंगावर ठेवणे जिवावर बेतू शकते.

हीच तयारी शेतकऱ्यांसाठी

अमली पदार्थाच्या कारखान्यातून एकही रुग्ण आला नाही, तरी ही तयारी वाया जाणार नाही. २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ही घटना विदर्भ विसरलेला नाही. पाठीवरच्या पंपातून गळणारे औषध सदऱ्यात मुरते. रुग्णाला शिरेतून उतारा दिला जात असताना अंगावरच्या त्याच सदऱ्यातून विष कातडीवाटे शरीरात जातच राहते. औषध व धुणे ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली, तरच उपचार पूर्ण होतो. कीटकनाशकाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी सोबत आणल्यास डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

पोलिसांची भीती

बेकायदा ठिकाणी मजुरी करणारा माणूस जखमी झाला तरी रुग्णालयात यावयास कचरतो. आला तरी ‘घरी ॲसिड सांडले’ असे सांगतो. नातेवाइकांनी येथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. विषबाधेच्या व भाजल्याच्या घटनेची नोंद करून पोलिसांना कळविणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे आणि ते लपवून ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यासाठी उपचार थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे, की जखमी व्यक्ती निरपराध असो वा गुन्हेगार, तिचे प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि कायदेशीर सोपस्कार त्याआड येऊ शकत नाहीत. डॉक्टर ‘काय सांडले, केव्हा सांडले, किती वेळ झाला’ असे विचारतात ते उपचारासाठी. तपास करणे हे त्यांचे काम नव्हे. खरे उत्तर मिळाले तर योग्य औषध लवकर सुरू होते.

अशा प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितानाच रसायनाची बाधा झाल्याचे स्पष्ट सांगावे, म्हणजे रुग्णवाहिकेतील कर्मचारी सावध राहतात. विषबाधेविषयीचा सल्ला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मिळतो.

रुग्णालयाची गरज

निर्दूषणासाठी महागडे यंत्र लागत नाही. आकस्मिक विभागाच्या दाराबाहेर पडदे असलेली फरसबंद जागा, हाताने फिरविता येणारे फवारे, पाणी निथळून जाईल असे स्ट्रेचर, डोळे धुण्याची व्यवस्था, रसायनरोधक हातमोजे, रबरी ॲप्रन व बूट, मुखपट्ट्या, जाड पिशव्या, पंचे आणि लहानमोठ्या मापांचे स्वच्छ कपडे, एवढे साहित्य पुरते. धुतलेले दूषित पाणी उघड्या नालीत न सोडता साठविण्याची सोयही हवी. वर्ध्याच्या हवेत आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. मे महिन्यात गच्चीवरील टाकीचे पाणी हात पोळण्याइतके तापते, तर पौषातल्या पहाटे तेच अंगावर काटा आणते. फार गरम पाण्याने कातडीचा रक्तप्रवाह वाढून विष अधिक शोषले जाते आणि फार थंड पाण्याने रुग्ण गारठतो. म्हणून सावलीतील टाकी व पाणी कोमट करण्याची सोय ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे.

साहित्याइतकाच सराव महत्त्वाचा. दारावरील पहारेकरी, सफाई कामगार, परिचारिका व डॉक्टर यांनी वर्षातून किमान दोनदा, फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा व नंतर एकदा, एकत्र येऊन ही कृती करून पाहावयास हवी. रुग्णाला सर्वांत आधी भेटतो तो पहारेकरी. त्याला ‘आत जा’ म्हणावयाचे की ‘येथे थांबा, आधी धुऊ’ म्हणावयाचे हे ठाऊक असले, तर पुढच्या सर्वांचे काम सुकर होते.

आमच्या हितचिंतकांनी आजवर खाटा, औषधे व उपकरणे यांसाठी मुक्तहस्ते साहाय्य केले आहे. या वर्षी या धुण्याच्या जागेचाही त्यांनी विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. फवारणीत माखलेला शेतमजूर आणि चुकीच्या वाटेने गेलेला एखादा तरुण, दोघांनाही पहिल्या काही मिनिटांत पाण्याचीच गरज असते, आणि ते देताना कोण कसा आला हे विचारण्याची आवश्यकता नसते.