दोन घरचा पाहुणा

'ताबा' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे तो शेताच्या आणि घराच्या भांडणांतून. नवराबायको विभक्त होताना तोच शब्द मुलाला लावला जातो, आणि घोटाळ्यास तेथूनच सुरुवात होते. जमिनीची मोजणी करून हद्द घालता येते. मुलाची येत नाही. १९७३ साली रोझी जेकब यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले, की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत.

कायद्याचा रोख तोच आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मीयांना लागू पडतो. हिंदूंसाठी १९५६ साली झालेल्या कायद्यात ५ वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी असावे असे म्हटले आहे. परंतु दोन्हीकडे अखेरची कसोटी एकच, मुलाचे हित. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही न्यायालय विचारात घेते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमाखाली दिलेला हुकूम पुढे परिस्थितीप्रमाणे बदलता येतो. म्हणजे तो काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

आता व्यवहार पाहू. आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळया तयार करणारा एखादा कामगार कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. त्याची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची; सुट्टी रविवारीच येईल असा नेम नाही. 'दर शनिवार-रविवारी मूल बापाकडे' असे कागदावर लिहिले, तर मूल दारात उभे आणि बाप भट्टीपुढे, अशी अवस्था व्हायची! अशा घराने वेळापत्रक वारावर न बांधता पाळीवर बांधावे. सकाळच्या पाळीच्या आठवड्यात बापाने मुलाला संध्याकाळी भेटावे. रात्रपाळीच्या आठवड्यात मूल मुक्कामाला नेऊ नये, कारण जागरण करून आलेला माणूस दिवसा झोपणार. मुक्काम त्याच्या सुट्टीला जोडावा. आई नोकरी करीत असेल, तर तिच्या वेळाही त्याच कागदावर मांडाव्यात.

लहान मुलाची भेट थोडा वेळ पण वारंवार असावी. मोठ्या मुलाला मुक्काम चालतो. कोणी, कुठून, किती वाजता न्यायचे व पोचवायचे. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची. सण आलटून पालटून कोणाकडे. आजारपणात कोणाला केव्हा कळवायचे. पाळी अचानक बदलली तर भरपाईची भेट कधी, हे सारे लिहून घ्यावे. परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनी हा कागद अर्जाबरोबरच न्यायालयापुढे ठेवावा. एरवी पुढचा वाद नव्या अर्जाने सुरू होतो.

दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये, आणि भेट अडली म्हणून पोटगी थांबवू नये. दोहोंचे मार्ग वेगळे आहेत. दुसरे, एकमेकांचे निरोप मुलाच्या तोंडून पाठवू नयेत.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असे आपण म्हणतो. प्रत्येकाला वाटते, तो तिकडे जेवला असेल. विभक्त आईबापांच्या मुलाची उपासमार भाकरीची नसते. आज मला कोण न्यायला येणार, या प्रश्नाच्या उत्तराची असते. ते उत्तर त्याला आदल्या दिवशीच ठाऊक असले, तर वेळापत्रकाने आपले काम केले असे समजावे.