शेंडा कापला, डोळे उघडले!

आपल्या शहरातल्या गुलमंडीच्या गल्ल्यांमध्ये अंगण शोधायला निघालात, तर सुपारी हनुमानापासून पैठण गेटपर्यंत पाय दुखतील, पण अंगण काही सापडायचं नाही. भिंतीला भिंत लागलेली, खाली दुकान, वर घर. मग इथली बाग असते कुठे? मान वर करा. गच्चीवर! रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, गळकी बादली, काठ फुटलेला माठ. त्यांत तुळस, कोरफड, जास्वंद आणि एखाद्या कोपऱ्यात मोगरा.

मुलांनो, आज आपण या मोगऱ्यापाशीच बसणार आहोत. संक्रांतीनंतर बघाल, तर बिचारा अगदी केविलवाणा दिसतो. पानं पिवळट, काड्या वाळक्या, कळीचं नाव नाही. त्यात आजी दटावते, "त्याला पाणी घालू नका रे इतक्यात!" मग वसंत पंचमीच्या सुमारास ती कात्री घेऊन येते आणि कचाकच अर्ध्या फांद्या कापून टाकते. बघणाऱ्याला वाटावं, हिचं मोगऱ्याशी भांडण झालंय की काय! आणि पुढं चैत्रात तोच मोगरा रोज ओंजळभर फुलं देतो.

आधी तहानलेलं ठेवायचं, मग कापायचं आणि वर फुलं मागायची! हे जमतं कसं?

एक फांदी हळूच जवळ घ्या. पानाचा देठ जिथं फांदीला चिकटतो, त्या बेचक्यात नीट बघा. मोहरीच्या दाण्याहूनही छोटा हिरवा ठिपका दिसेल. मोगऱ्याची पानं समोरासमोर असतात, म्हणून ठिपकेही समोरासमोर, जोडीनं. बागकाम करणारे याला ‘डोळा’ म्हणतात. या डोळ्यात एक अख्खी फांदी, चिमुकल्या पानांसकट, घडी घालून ठेवलेली असते. फक्त ती झोपलेली असते, कारण वर शेंडा जागा असतो ना! वर्गातल्या मॉनिटरसारखा तो खालच्या सगळ्यांना गप्प बसवतो. त्यासाठी तो ऑक्झिन नावाचं रसायन बनवतो. ते फांदीतून खाली पाझरत राहतं, तोवर डोळे उघडत नाहीत.

शेंड्याची ही दादागिरी कळली कशी, याची गोष्ट मोठी मजेदार आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांच्या टोकांवर टोप्या घातल्या. टोपीवाले अंकुर उजेडाकडे वळेनात! म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो, असं त्यांनी 1880 च्या पुस्तकात लिहिलं. हा निरोप पकडला फ्रिट्स वेंट या डच तरुणानं, 1926 मध्ये. त्यानं ओटच्या अंकुरांची टोकं कापून आगरच्या वडीवर ठेवली. आगर म्हणजे आपल्या चायनाग्रासचंच भावंड. मग टोकं फेकून नुसती वडी कापलेल्या अंकुरावर ठेवली, तर अंकुर पुन्हा वाढायला लागला! निरोप वडीत उतरला होता, आणि हा निरोप म्हणजेच ऑक्झिन. पुढं 1933 मध्ये थिमन आणि स्कूग यांनी घेवड्यासारख्या एका शेंगेच्या रोपाचा शेंडा छाटला आणि त्या जागी ऑक्झिन लावलं. खालचे डोळे झोपलेलेच राहिले. मॉनिटर गेला, पण त्याची छडी खुर्चीत होती ना!

गोष्ट संपली असं वाटलं होतं. पण 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी वाटाण्याच्या रोपांचे शेंडे छाटून पाहिले, तेव्हा ऑक्झिन कमी झाल्याची खबर खाली पोचायच्या आतच डोळे हलायला लागले होते. कशामुळे? साखरेमुळे! पानांत तयार झालेली साखर वाढता शेंडा स्वतःकडे ओढून घेत होता. तो गेल्याबरोबर ती डोळ्यांकडे वळली. मला तर हे वाचून शेंड्याचा रागच आला. धाक पण याचा आणि खाऊ पण यालाच!

आता मोगऱ्याचं कोडं सुटलं. मोगऱ्याच्या कळ्या येतात नव्या फुटव्यांवर. जितके डोळे उघडतील, तितके फुटवे आणि तितक्या कळ्या. म्हणून वाळक्या काड्या पार काढायच्या आणि जोमदार फांद्या निम्म्यावर आणायच्या. काप द्यायचा तो डोळ्याच्या जरासा वर.

आणि पाणी तोडायचं कशाला? हे पैठण-जालन्याकडच्या मोसंबीवाल्यांना विचारा. तेही थंडीत बागेचं पाणी बंद करतात. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. झाडाची पालेदार वाढ थांबते, पानांनी बनवलेलं अन्न फांद्यांत साठतं. मग खत आणि पाणी मिळालं की झाड फुलांनी लगडतं. तो आंबिया बहार. पण कुंडीत माती ती केवढीशी, तिथं ताण बेतानंच द्या. आणि तुळशीला तर मुळीच नको! तशीही आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पाण्यावरून आठवलं, काळ्या मातीचा एक खोडकरपणा पाहिलाय का? कुंडी सुकली की माती आक्रसते आणि कडेला बोटभर फट पडते. वरून तांब्याभर पाणी घाला, ते त्या फटीतून सुळकन खाली जातं आणि तळाच्या भोकातून बाहेर! आपण खूश, मुळं कोरडीच. मराठवाड्याची ही माती ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या दगडाची. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आकसतात. म्हणून वरची माती खुरपीनं भुसभुशीत करा, थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून फट बुजवा, वर पालापाचोळा पसरा. ही सगळी घाई कशाला? युरोपात बर्फ वितळला की वसंताची तयारी करतात. आपली घाई उन्हामुळे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्याआधी झाड सावरलेलं बरं.

आणखी एक नवल. भरगच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला बहुधा बीच धरत नाही. तो फांदीपासूनच लावतात. म्हणजे तुमच्या गच्चीवरचा मोगरा ही कुणाच्या तरी मोगऱ्याची फांदी, तोही आणखी कुणाच्या तरी मोगऱ्याची. मागं मागं जात राहा, बी सापडायलाच किती पिढ्या लागतील!

मोगऱ्याला कात्री लावायला घरचे देणार नसतील, तर दोन डब्यांत हरभरे पेरा. रोपं वीतभर झाली की एका डब्यातले शेंडे खुडा, दुसऱ्याला हात लावू नका. आपले शेतकरीही हरभऱ्याचे शेंडे खुडतात, म्हणजे बगलफांद्या फुटून घाटे जास्त लागतात. खुडल्यावर बोट चाटून पाहा, आंबट लागेल. हरभऱ्याच्या पानांवरचे बारीक केस आम्ल सोडतात, त्याची ही चव. दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही डब्यांतल्या रोपांचे फुटवे मोजा आणि आकडे आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. खुडलेला पाला मात्र पाठवू नका. कांदा, दाण्याचा कूट, मीठ-तिखट आणि कच्चं तेल घालून त्याचा घोळाणा करा आणि गरम भाकरीबरोबर खाऊन टाका.