फायबरची बॅट आणि समोरचा गोलंदाज

भोसरी, चिंचवड, चाकण, तळेगाव परिसरातील कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी म्हणजे टेनिस बॉल क्रिकेट, हे समीकरण जुनेच आहे. व्यायाम म्हणून मी या खेळाचा पुरस्कर्ता आहे. मात्र लाकडी बॅटीऐवजी पोकळ फायबरची बॅट वापरणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

लाकडावर आदळताच टेनिसचा चेंडू चेपतो व त्याची बरीच शक्ती त्यातच खर्च होते. पोकळ बॅटीची भिंत क्षणभर दबते आणि स्प्रिंगसारखी उसळून चेंडूला ढकलते. शक्ती कमी वाया जाते, चेंडू वेगाने सुटतो. अमेरिकेतील सॉफ्टबॉल संघटनेने याचसाठी २००४ मध्ये बॅटीवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाला ताशी ९८ मैलांची, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटरची मर्यादा घातली. क्रिकेटच्या नियमांतही बॅटीचे पाते लाकडाचेच लागते.

आता हिशेब पाहा. चेंडू टाकल्यावर गोलंदाज फलंदाजापासून साधारण १६ मीटरवर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा फटका त्याच्यापर्यंत ०.५८ सेकंदात येतो. १३० किलोमीटरचा ०.४४ सेकंदात. चेंडू दिसून हात हलायलाच सुमारे पाव सेकंद जातो. रात्रपाळी करून मैदानात उतरलेल्याला त्याहून अधिक.

टेनिसचा चेंडू मऊ, त्याने काय होणार, हा समज चुकीचा आहे. चेपल्यामुळेच तो डोळ्याच्या खोबणीत शिरतो. डोळ्यात रक्तस्राव होतो, पडदाही सुटू शकतो. असा मार लागल्यास डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये, ॲस्पिरिन घेऊ नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. पुढे काही आठवड्यांनीही डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे झाले वा काळे ठिपके तरंगू लागले, तर पुन्हा जावे. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी वा बडबड सुरू झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

शिवाय चुकलेला फटकाही षटकार होऊ लागला, की गोलंदाजी कोणी करायची? क्षेत्ररक्षकांनी नुसते चेंडू शोधत फिरायचे का? फायबरची बॅट सहजासहजी तुटत नाही, हे खरे. पण दोन्ही कप्तानांनी नाणेफेकीपूर्वीच लाकडी बॅट आणि हलका चेंडू ठरवून घ्यावा, असे मी सुचवेन. दुसऱ्या दिवशी पाळीवर सर्वांना दोन्ही डोळ्यांनिशी हजर व्हायचे आहे!